वासराचा वाटा

गायीवर दहा ओळींचा निबंध लिहिल्यावाचून मराठी मुलाचे प्राथमिक शिक्षण पुरे होत नाही, आणि अकोला-अमरावतीकडची मुलेही या नियमाला अपवाद नाहीत. गायीला चार पाय, दोन शिंगे आणि एक शेपूट असते, ती आपल्याला दूध देते, तिच्या शेणाचे खत होते, तिचे बैल शेतात राबतात आणि म्हणून आपण तिला माता मानतो, अशा ठरलेल्या क्रमाने हा निबंध पिढ्यान् पिढ्या चालत आलेला आहे. त्यात असत्य असे काही नाही, अक्षर वळणदार असले तर गुरुजी दहापैकी आठ गुण देतात, आणि मूल पुढच्या इयत्तेत जाते. मात्र एक गोष्ट या दहा ओळींत सहसा येत नाही. गाय दूध देते ती व्यालेली असते म्हणून, आणि ते दूध प्रथमतः तिच्या वासराचे असते, ही ती गोष्ट. पिशवीबंद दुधावर वाढलेल्या शहरी मुलाला हे ठाऊक नसावे यात नवल नाही. परंतु ज्याच्या मागील दारी दोन ढोरे बांधलेली आहेत, ज्याने पहाटे वासराला दावणीवरून ओढताना आईला पाहिलेले आहे, त्या मुलाच्या वहीतही निबंध तोच असतो. गोठ्यातले वहीत येत नाही आणि वहीतले गोठ्यात उपयोगी पडत नाही.

दुग्धव्यवसायाचे शिक्षण लहान वयात द्यावे असे आता पुष्कळांना वाटू लागले आहे, आणि त्यासाठी रंगीत तक्ते, सहली, स्पर्धा इत्यादी उपाय सुचविले जातात. त्यांना माझा विरोध नाही. तथापि वऱ्हाडापुरते बोलायचे तर हा प्रश्न तक्त्यांचा नाही, कारण या मुलखात दुभत्या जनावराचे ज्ञान मुलापर्यंत पोहोचवणाऱ्या ज्या दोन-तीन वाटा होत्या त्या एकेक करून बुजत गेल्या, आणि त्यांच्या जागी नवी वाट पाडण्याचे कोणी मनावर घेतले नाही. त्याची किंमत आपण एकदा रोख मोजलेलीही आहे, ती पुढे सांगतो.

वऱ्हाड हा मुळात बैलांचा मुलूख. काळ्या चिकण जमिनीत कपाशी आणि ज्वारी पिकवायची, तर खोल नांगर ओढणारा, चिखलातून गाडी काढणारा बैल हवा, आणि गाय हवी ती अशा बैलाची आई म्हणून. तिने दिलेले शेर-दीड शेर दूध हा वरकड लाभ समजला जाई. इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरकारांनी वऱ्हाडी गुरांच्या खामगावी आणि उमरडा अशा दोन जाती वर्णिल्या, त्यांची थोरवी सांगितली ती ओढकामातली. पलीकडच्या वर्धा जिल्ह्यातील आर्वी-कारंजा भागातली पांढरीशुभ्र, चपळ गवळाऊ गाय, जिच्या पैदाशीसाठी हेटीकुंडी येथे सरकारी प्रक्षेत्र आहे, तीही आपल्या बैलांच्या वेगासाठीच नावाजली. सण पाहावेत तर तेच. श्रावणी अमावास्येला पोळा, आणि दुसऱ्या दिवशी नागपूरकडे व विदर्भात अन्यत्र मुलांचा तान्हा पोळा, ज्यात लाकडी बैल सजवून लेकरे घरोघर हिंडतात. मुलांसाठी म्हणून मांडलेल्या या एकमेव पशूत्सवाचा नायक बैल आहे. लाकडी गाय घेऊन निघालेले मूल माझ्या पाहण्यात नाही.

दुभत्या गायीच्या वाट्याला येते ती वसुबारस. दिवाळीच्या उंबरठ्यावर, आश्विन वद्य द्वादशीला, सवत्स धेनूची पूजा होते, आणि पुष्कळ घरांत त्या दिवशी बाया दूध-तूप, ताक-दही वर्ज्य करतात. ज्या कोणी ही प्रथा पाडली त्याने वर्षातील एक दिवस दूध वासराच्या नावे करून टाकले. पूजेचे तबक धरणाऱ्या मुलीला हे एवढे उलगडून सांगितले, तर निबंधातली गाळलेली ओळ घरच्या घरी भरून निघेल. आपण तिला ओवाळायला सांगतो आणि उपवासाचे कारण विचारले तर ‘असतं तसं’ म्हणून गप्प करतो.

शाळा नव्हत्या तेव्हा ढोरामागे जाणे हीच शाळा होती. गावाच्या आखरावर सकाळी ढोरे जमत, गायकी त्यांना रानात नेई, आणि त्याच्या हाताखाली सात-आठ वर्षांचे एखादे पोर असे. मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे मामाच्या घरी आईसह आश्रयाला राहिलेला, बाप व्यसनापायी गमावलेला डेबू झिंगराजी जाणोरकर नावाचा मुलगा असाच गुरे राखीत वाढला. १८७६ साली शेंडगावला जन्मलेला हा मुलगा पुढे गाडगेबाबा म्हणून महाराष्ट्राने डोक्यावर घेतला. पाटी-पेन्सिलीशी त्याचा संबंध जवळपास आला नाही, परंतु कोणते जनावर कोणत्या गवताला तोंड लावीत नाही, माजावर आलेली गाय कशी हंबरते, पोट फुगलेल्या बैलाला कसे चालवावे, डोहात म्हैस किती वेळ बसू द्यावी, हे त्याला कोणी शिकवावे लागले नसणार. मूर्तिजापूरला त्यांनी गोरक्षण उभारले त्यामागे कीर्तनकाराच्या करुणेबरोबर गुराख्याचे हे दप्तरही होते, असे मला वाटते. आणि तरी ध्यानात घेण्याजोगे हे की, आयुष्यभर त्यांनी लोकांना सांगितले ते मूल शाळेत घाला असे. ढोरामागे धाडा असे त्यांनी कधी म्हटले नाही. गुराख्याच्या शाळेत किती शिकायला मिळते हे त्यांना जसे माहीत होते, तसेच तिच्या फाटकाबाहेर कसे पडता येत नाही हेही माहीत होते. म्हणून त्या शाळेची आठवण काढून हळहळणाऱ्यांत मी नाही.

तिच्या फाटकाला जातीचे कुलूपही होते. विदर्भात ढोरे वळण्याचे काम ज्यांच्याकडे वंशपरंपरेने आले त्या गोवारी समाजाचे लोक बलिप्रतिपदेला गायगोधनाचा उत्सव करतात, ढाल पुजतात, गायी सजवून गावातून नेतात, वाजतगाजत नाचतात. पाहणाऱ्याला तो रंगीत देखावा वाटतो. परंतु ज्यांच्या मुलांनी गावाची गुरे सांभाळली त्यांच्याच मुलांच्या हाती पाटी सर्वांत उशिरा आली. आदिवासींच्या सवलती मिळाव्यात म्हणून हाच समाज २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपूरला विधिमंडळावर मोर्चा घेऊन गेला, तेव्हा झालेल्या चेंगराचेंगरीत ११४ माणसे गेली. त्यांत स्त्रिया आणि लेकरेच फार होती. पशुपालनाचे ज्ञान मुलांना द्यायचे म्हणताना ते ज्ञान आजवर कोणी वाहिले आणि त्याचा मोबदला काय मिळाला, हा धडा वगळून चालणार नाही. पाठ्यपुस्तकात गुराखी येतो तो बासरी वाजवणारा. अर्थात बासरीवाल्याशी अमरावती जिल्ह्याचे नाते विशेष जवळचे, कारण तिवसा तालुक्यातील कौंडण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर मानतात. म्हणजे गोकुळात दूध-लोण्यावर वाढलेला जगातला सर्वांत प्रसिद्ध मुलगा हा आमचा जावई. त्याच्या बाललीलांत हंडी फोडणे आहे, लोणी चोरणे आहे. गोठा झाडणे मात्र कथेकऱ्यांनी त्याच्यावाचून उरकून घेतले.

ढोरांमागची शाळा आणि पाटीवरची शाळा यांचा मिलाफ घडवण्याचा एक मोठा प्रयत्न आमच्या शेजारी, वर्ध्याला झाला. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी तेथे भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी आपली बुनियादी शिक्षणाची कल्पना मांडली; डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिला आराखड्याचे रूप दिले, आणि सेवाग्रामला आर्यनायकम् दांपत्याने हिंदुस्थानी तालीमी संघाच्या द्वारे ती चालवून दाखवली. सात वर्षांचे, मातृभाषेतले, हस्तोद्योगाभोवती गुंफलेले शिक्षण असा तिचा गाभा. हस्तोद्योग म्हणून सूतकताई पुढे आली, शेती-बागकाम आले. गोपालन मात्र या रचनेच्या केंद्रस्थानी कधी बसले नाही, जरी सेवाग्राम आश्रमाची स्वतःची गोशाळा होती आणि हाकेच्या अंतरावर गोसेवेचा मोठा उद्योग उभा राहत होता. जमनालाल बजाजांनी आयुष्याच्या अखेरीस बाकीची सारी कामे बाजूस सारून गायीचे काम अंगावर घेतले, वर्ध्याच्या गोपुरीत ते झोपडी बांधून राहिले, १ फेब्रुवारी १९४२ रोजी गोसेवा परिषद भरली, आणि दहा दिवसांनी, ११ फेब्रुवारीला, ते वारले. वर्ध्याच्या गोरस भांडाराचा गोरसपाक आजही प्रवासी आठवणीने बांधून नेतात. त्या कार्याची एवढी एक खूण मुलांच्या जिभेपर्यंत पोहोचली.

कताईला जे शैक्षणिक महत्त्व मिळाले ते गोठ्याला का मिळाले नाही, याचा विचार मी पुष्कळदा केला आहे. चरखा वर्गात चाळीस मुलांपुढे चाळीस ठेवता येतात, सूत मोजता येते, तुटले तर जोडता येते. गाय तशी नाही. ती रविवारीही खाते, दिवाळीच्या सुटीतही तिला दोहावे लागते, आणि मुलाने केलेली चूक ती आजारी पडून दाखवते. पेळू बिघडला तर नवा घेता येतो, वासरू दगावले तर येत नाही. नेमका याच अडचणीत तिचा शिक्षणविषयक गुण आहे असे मी म्हणेन, पण कोणत्याही मुख्याध्यापकाला हे पटवणे अवघड आहे हेही कबूल करतो.

वऱ्हाडात ही उणीव भरून काढू शकेल असा माणूस झाला तो डॉ. पंजाबराव देशमुख. पापळच्या शेतकऱ्याचा हा मुलगा ऑक्सफर्डला वैदिक वाङ्मयातील धर्मविचारावर प्रबंध लिहून परतला आणि १९३२ साली त्याने अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापिली. शेतकऱ्याच्या मुलाला शाळेच्या बाकावर बसवणे हे त्या काळी एवढे प्रचंड काम होते की त्या बाकावर बसवून पुन्हा गोठ्याकडे वळवावे, हे दुसरे काम पुढच्यांवर सोडणे भागच होते. केंद्रात कृषिमंत्री होऊन त्यांनी देशाचा कारभार पाहिला, आणि त्यांच्या पश्चात, २० ऑक्टोबर १९६९ रोजी, अकोल्याला जे कृषी विद्यापीठ निघाले त्याला त्यांचे नाव लाभले. मोझरीच्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी तर ग्रामगीतेत गोवंशाच्या सुधारणेवर आणि जीवनाला धरून असलेल्या शिक्षणावर वेगवेगळे अध्याय रचले. ते दोन अध्याय एकत्र बांधण्याचे काम कोणत्याही सरकारी दफ्तरात झाले नाही.

आता ती रोख मोजलेली किंमत. कापसाच्या पट्ट्यातील आत्महत्यांचे सत्र वाढत गेले तेव्हा १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भात येऊन अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यात शेतीला जोडधंदा म्हणून अनुदानावर दुभत्या गायी देण्याची तरतूद होती. कागदावर ही कल्पना निर्दोष होती: कापूस वर्षातून एकदा पैसा देतो, दूध दर आठवड्याला देते. परंतु ज्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात तीन पिढ्या बैल वागवले गेले त्याच्या दाराशी विलायती रक्ताची संकरित गाय येऊन उभी राहिली, आणि तिला काय घालावे, किती पाणी लागते, अकोल्याच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात ती का धापते, दूध कोठे घालावे, यांतले थोडेच त्याला माहीत होते. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्याच वर्षी वृत्तपत्रांतून दाखवून दिले की, कुटुंबाच्या पोटापेक्षा त्या गायीच्या पोटाचा खर्च अधिक होऊ लागला होता. कित्येकांनी ती मिळेल त्या किमतीला विकली. योजना आखणाऱ्यांनी दुधाचा भाव पाहिला, वैरणीचा पाहिला नाही. आणि घेणाऱ्यानेही हिशेब मांडला नाही, कारण दुभत्या जनावराचा हिशेब मांडायला त्याला कोणत्याही इयत्तेत कोणी शिकवलेच नव्हते.

तो हिशेब वऱ्हाडात मोठा बोधप्रद आहे. पूर्वी ज्वारीचा कडबा घरचा असे. १९९० नंतर सोयाबीनने शिवार व्यापले, ज्वारी हटली आणि तिच्याबरोबर कडब्याच्या गंज्या हटल्या. सोयाबीनचे कुटार जनावरे नाइलाजाने खातात. तुरीचे आणि हरभऱ्याचे बरे, पण ते पुरत नाही. दुसरीकडे सरकीची ढेप ही तर आमच्याच कापसाची देणगी, आणि वायदेबाजारात तिचा जो करार चालतो त्याचे मूळ केंद्र अकोला हेच आहे. म्हणजे ज्या शिवारातला कापूस जिनिंगमध्ये गेला त्याच शिवारातल्या गायीला ढेप परत विकत घ्यावी लागते, ती मुंबईतील पडद्यावर ठरलेल्या भावाने. चौथीच्या मुलाला गुणाकार-भागाकाराची उदाहरणे हवीतच. आंबे आणि पेरूंऐवजी ढेपेचे पोते, कडब्याची पेंढी, दुधाचे लिटर आणि फॅटचा दर घेऊन ती मांडली, तर ते मूल घरी जाऊन बापाला असे काही विचारील की बापालाही वही काढावी लागेल. दूध संकलन केंद्रावर यंत्रातून चिठ्ठी निघते तीवर फॅट (स्निग्धांश) आणि एसएनएफ (स्निग्धांशाखेरीजचे घन पदार्थ) असे दोन आकडे असतात; गायीच्या दुधाला साडेतीन आणि साडेआठ हे प्रमाण धरून भाव ठरतो. ही चिठ्ठी पुष्कळ घरांत वाचली न जाताच खिशात जाते. तिसरीतल्या मुलीला दशांश चिन्ह शिकवायला याहून चांगला कागद मला ठाऊक नाही.

परंतु आरंभ हिशेबाने करू नये. आरंभ वासराने करावा. गाय सुमारे नऊ महिने आणि काही दिवस गाभण राहते, म्हैस दहा महिन्यांहून थोडे अधिक. आणि जन्मलेले वासरू रोगाशी लढण्याची काहीच शिदोरी आईच्या पोटातून घेऊन येत नाही. माणसाच्या बाळाला ती काही प्रमाणात नाळेतून मिळते, वासराला मिळते ती केवळ चिकातून. त्याच्या आतड्याची ती शिदोरी पचनी न पाडता जशीच्या तशी शोषून घेण्याची शक्ती जन्मापासून तासातासाने क्षीण होत जाते आणि दिवसभरात जवळजवळ संपते. म्हणून पहिल्या एक-दोन तासांत त्याला पोटभर चीक पाजला पाहिजे. आपल्याकडे मात्र घरातली म्हातारी ‘वार पडू दे, मंग पाज’ म्हणते, आणि वार पडेपर्यंत वासराचा सर्वांत मोलाचा काळ निघून जातो. नंतर उरलेल्या चिकाचा खरवस शेजारीपाजारी वाटला जातो. खरवस खाणाऱ्या मुलाला ही गोष्ट एकदा कळली की ते घरात ज्या अधिकारवाणीने बोलते तो अधिकार पशुधन विकास अधिकाऱ्याच्या हुकमालाही नसतो. मी खरवसाच्या विरुद्ध नाही. वासरू तृप्त झाल्यावर उरतो तो चीक पुष्कळ असतो.

तसेच ढेपेचे. मोठी गाय सरकीची ढेप आनंदाने खाते, मग ती तान्ह्या वासराला का देऊ नये? मूल विचारणारच, काहून? सरकीत गॉसिपॉल नावाचे एक विषारी द्रव्य असते. मोठ्या गायीच्या पोटातल्या चार कप्प्यांपैकी पहिला, सर्वांत मोठा कप्पा त्याला बांधून टाकतो, वासराचा तो कप्पा अद्याप तयार नसतो. या एका उत्तरात पचनसंस्था आली, कापूस आला, आणि रोजच्या व्यवहारातला एक धोका टळला. दोहण्याचेही असेच आहे. वासराने ढुसण्या दिल्या, कोमट पाण्याने कास धुतली, ओळखीची चरवी वाजली, की मेंदूकडून निघालेला संदेश कासेत पोहोचतो आणि गाय पान्हवते. हा पान्हा पाच-सात मिनिटे टिकतो, तेवढ्यात दोहून व्हावे लागते, आणि मध्येच कोणी ओरडले, कुत्रे भुंकले तर ती दूध चोरते. गोठ्यात आरडाओरड करू नये हा नियम मुलाला शिस्त म्हणून सांगितला तर ते पाळणार नाही. कारण सांगितले तर दुसऱ्याला गप्प करील.

इंग्लंडात डेव्हन परगण्यातील हेमियॉक या गावी १९२१ साली एका दूध कंपनीने आपल्याला दूध घालणाऱ्या शेतकऱ्यांच्या मुलांना वासरे वाढवायला दिली, आणि त्यातून पुढे तरुण शेतकऱ्यांच्या मंडळांची देशव्यापी चळवळ निघाली. कंपनीचा हेतू परोपकाराचा नव्हता. तिला चांगले दूध हवे होते, आणि बाप ऐकत नाही ते मुलगा ऐकतो हे तिने हेरले होते. आमच्याकडे वासरू बटईने देण्याची रीत जुनीच आहे: एकाचे जनावर दुसऱ्याने वाढवायचे आणि विकल्यावर किंमत वाटून घ्यायची. गरिबाने श्रीमंताचे वाढवावे अशी ही आजवरची बटई. शाळेने, ग्रामपंचायतीने किंवा दूध संस्थेने गावातल्या चार-पाच मुलांना एखादी कालवड वा वगार अशा बटईने दिली, तिचे वजन, खाणे, लसीकरण यांची नोंद त्यांच्याकडून ठेवून घेतली, तर या व्यवहारासाठी नवा शब्दही शोधावा लागणार नाही. विदर्भ-मराठवाड्यातील ११ जिल्ह्यांत २०१६ पासून राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या साह्याने जो प्रकल्प चालू झाला आणि २०२४ साली ज्याचा दुसरा टप्पा १९ जिल्ह्यांसाठी मंजूर झाला, त्यात जनावरे आहेत, खाद्य आहे, रेतन आहे, मुले नाहीत.

आणि वगार म्हटली तर ती आपली असावी. पूर्णेच्या दोन्ही तीरांना, खारपाणपट्ट्यात, जिथे विहिरीचे पाणी माणसाच्या तोंडाला लागत नाही, तिथे अकोला, अमरावती व बुलढाण्यातील लोक शतकानुशतके एक भुरकट, पांढरट-तपकिरी म्हैस पाळीत आले. नागपुरी किंवा एलिचपुरी म्हशींच्याच गोतावळ्यात तिला ढकलले जाई. २०२३ च्या आरंभी कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन संस्थेने तिची पूर्णाथडी या नावाने स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. मुऱ्हाएवढे दूध ती देत नाही, पण खारे पाणी, कमी चारा आणि मे महिना ती सोसते. दर्यापूर-मूर्तिजापूरकडच्या मुलाच्या पाठ्यपुस्तकात म्हैस काळीच असते, आणि त्याच्या घरची भुरी. पुस्तक खरे की दावणीची म्हैस खरी, असा पेच त्याच्यापुढे पडू देऊ नये.

या शिक्षणात अवघड प्रश्न येणार, आणि ते टाळून शिकवणे हे न शिकवण्यापेक्षा वाईट. गोऱ्हा झाला तर त्याचे काय होते? बैलांच्या मुलखात या प्रश्नाचे उत्तर एकेकाळी सोपे होते. ट्रॅक्टर आल्यावर ते सोपे राहिले नाही, आणि मार्च २०१५ मध्ये बैल-वळूंच्या कत्तलीलाही राज्यात बंदी आल्यावर तर शेतकऱ्याच्या गोठ्यात आणि गोरक्षणांच्या आवारात ते उत्तर रोज नव्याने शोधले जाते. भाकड गायीला कोण खाऊ घालतो? गायीला माता म्हणायला शिकवणाऱ्याने या खर्चाची बाजूही सांगावी, एवढीच माझी अपेक्षा आहे. निकाल मुलाने मोठे झाल्यावर लावावा. कच्चे दूध पिऊ नये, गाय गाभडली तर त्या जागेला मुलाने हात लावू नये, कारण सांसर्गिक गर्भपाताचा ज्वर माणसालाही जडतो, हेही याच वयात सांगायचे. २०२२ साली पोळ्याच्या सुमारास लम्पीची साथ अकोला-बुलढाणा-जळगाव पट्ट्यात पसरली तेव्हा दूध पिण्याने तो रोग माणसाला होतो अशी आवई उठली, आणि तो माणसाला होत नाही हे सरकारला जाहीरपणे सांगावे लागले. दोन रोगांतला हा भेद शाळेत शिकलेले एक मूल घरात असते तर त्या घरातले दूध तरी ओतले गेले नसते.

अकोल्याचे कृषी विद्यापीठ दरवर्षी शिवारफेरी भरवते, शेतकरी गाड्या करकरून येतात, आणि शाळकरी मुलांचे थवेही त्यांत दिसतात. अकोल्यातच पशुवैद्यक व पशुविज्ञानाची पदव्युत्तर संस्था आहे. तेव्हा पाहायला जागा नाही असे कोणी म्हणू नये. अडचण वेळेची आहे. शाळेची सहल गोठ्यावर पोहोचते ती अकराच्या सुमारास, आणि दूध निघते पहाटे व संध्याकाळी. अकरा वाजता गायी बसून रवंथ करीत असतात, मुले जराशी बघतात, छायाचित्र निघते आणि सर्वजण डब्याकडे वळतात. शिक्षकाला वाटते की पाहण्यासारखे काही चालू नव्हते. वास्तविक दिवसातले सात-आठ तास गाय हेच करते, आणि ती रवंथ करते आहे की नाही यावरून अनुभवी माणूस तिचे आरोग्य सांगतो. मुलांना दोन-दोनच्या जोड्यांत बसवून एक घास खाली जाईपर्यंत जबडा किती वेळा हलतो ते मोजायला लावले, तर एक तास पुरणार नाही. दोहण्याचा प्रश्न उन्हाळ्यात सुटतो. वऱ्हाडात मार्चपासून शाळा सकाळची होते, मुले दुपारपूर्वी घरी येतात आणि संध्याकाळच्या दोहण्याला मोकळी असतात. त्याच महिन्यांत कुटार संपत आलेले असते, विहिरी तळाला गेलेल्या असतात, एक लिटर दुधामागे तीन-चार लिटर पाणी कोठून आणायचे याची घरात रोज चर्चा चालते, आणि दूध घटलेले असते. दूध-वैरणीच्या नोंदींची वही तेव्हाच सुरू करावी, दिवाळीनंतर हिरव्या चाऱ्याच्या दिवसांत नव्हे; आणि पहिल्या पानावर दूध संस्थेच्या खात्यात ज्या पुरुषाचे नाव आहे त्याच्याखाली, शेण काढणारी, वैरण आणणारी आणि दोन्ही वेळा दोहणारी जी बाई आहे तिचेही नाव मुलाकडून लिहवून घ्यावे.